ढेकूण औषधाला भीत नाही



गटाच्या बैठकीत आपण सगळ्या विषयांवर बोलतो. कर्जाचे हप्ते, शेळ्यांचा विमा, पोरींचं शिक्षण, अगदी घरातली दारूसुद्धा. एका विषयावर मात्र सगळ्या गप्प बसतात, आणि तोच विषय कितीतरी घरांत रात्रभर जागं ठेवतो. तो म्हणजे ढेकूण. कुणी विचारलं तर "आमच्याकडं नाहीत बाई" असंच उत्तर येतं. शेजारीण काय म्हणेल, पोरीला बघायला येणारे काय म्हणतील, ही धास्ती असते. आणि घरात ढेकूण झाले की पहिला बोल लागतो सुनेला. हिला घर ठेवता येत नाही म्हणतात.

म्हणून आज आपण ढेकणाचा इतिहास बघू. तो बघितला की दोन गोष्टी ध्यानात येतात. ढेकूण होणं हा कुणा बाईच्या आळसाचा पुरावा नाही. आणि एकेका औषधाच्या भरवशावर त्याच्याशी लढलेले सगळे शेवटी हरलेले आहेत.

पंचतंत्रात एक गोष्ट आहे. राजाच्या पांढऱ्याशुभ्र बिछान्यात मंदविसर्पिणी नावाची ऊ राहत असते. तिच्याकडं अग्निमुख नावाचा ढेकूण पाहुणा येतो. राजाला झोप लागेपर्यंतही त्याला धीर धरवत नाही, तो कडकडून चावतो. नोकर दिवे घेऊन बिछाना शोधतात. ढेकूण फटीत पळालेला असतो, सापडते ती ऊ, आणि मारलीही तीच जाते. देवसुद्धा खाट सोडून डोंगरावर आणि पाण्यात झोपायला गेले ते ढेकणांमुळेच, अशी थट्टाही एका संस्कृत कवीनं केली आहे. म्हणजे हजार-दीड हजार वर्षांपूर्वीसुद्धा लोकांना ठाऊक होतं की ढेकूण राजाच्या पलंगातही होतो. आणि हेही ठाऊक होतं की चावतो एक आणि शिक्षा भोगतो दुसरा. सुनेला लागणारा बोल त्यातलाच.

आता हा प्राणी जगतो कसा ते समजून घेऊ. ढेकणाला पंख नसतात, त्याला उडी मारता येत नाही. तो चालत जातो किंवा आपल्या सामानातून जातो. घाण, कचरा, खरकटं यांच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. त्याला लागतं रक्त आणि लपायला फट. मादी रोज दोन-तीन अंडी घालते, आयुष्यभरात दोनशेच्या वर. उबदार हवेत आठ-दहा दिवसांत पिल्लं बाहेर येतात आणि पाच वेळा कात टाकून मोठी होतात. प्रत्येक कात टाकायच्या आधी त्यांना एकदा रक्त प्यावं लागतं. पोट भरलेला मोठा ढेकूण उपाशीसुद्धा काही महिने तग धरतो. त्याच्या चाव्यातून माणसाला रोग होतो असं सिद्ध झालेलं नाही. पण खाज, खाजवून झालेल्या जखमा आणि रोजची मोडलेली झोप हे काय कमी आहे? सकाळी सहाला उठून रानात जाणाऱ्या बाईची झोप मोडणं म्हणजे तिची मजुरीच बुडणं.

आपल्या पानशेत भागातली जुनी घरं आठवा. मातीच्या भिंती, लाकडी तुळया, सुंभानं विणलेली बाज, दांडीवर टाकलेल्या वाकळा. ढेकणाला याहून चांगलं काय हवं? त्यात चार महिने धो-धो पाऊस. घाटमाथ्याच्या या पट्ट्यात आषाढ-श्रावणात ऊन बघायला मिळत नाही. पण आपल्या आज्या, पणज्या हातावर हात ठेवून बसल्या नव्हत्या. भिंतींना वरचेवर शेणमातीनं लिंपायचं, म्हणजे फटी बुजायच्या. बाज अंगणात काढून उलटी आपटायची आणि खुरांच्या, माचव्याच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतायचं. बाजेचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे. आणि पाऊस सरला की घट बसायच्या आधी घरातलं झाडून सगळं अंथरूण-पांघरूण नदीवर न्यायचं, धोपटून धुवायचं आणि खडकावर वाळत घालायचं.

हे शेवटचं काम आपण देवीसाठी करतो, आणि ते खरंच आहे. पण त्यातला हिशेब बघा. सगळ्या आळीचं अंथरूण एकाच आठवड्यात बाहेर निघतं. एका घरातून हाकललेल्या ढेकणाला शेजारच्या घरातही जागा मिळत नाही. वेळही पावसाळा संपल्याची, पहिलं कडक ऊन पडतं तेव्हाची. हे कुठल्या खात्यानं ठरवलं नव्हतं. बायांनी ठरवलं, बायांनीच केलं, आणि कष्ट म्हणून ते कुठं लिहिलं गेलं नाही. जगात दुसरीकडंही बायांनी अशा युक्त्या काढल्या होत्या. युरोपात बाल्कन भागात रात्री घेवड्याची पानं जमिनीवर पसरत आणि सकाळी त्यात अडकलेले ढेकूण पानांसकट जाळत. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी तपासलं तेव्हा दिसलं की त्या पानांवरच्या आकड्यासारख्या बारीक केसांत ढेकणाचे पाय खरोखरच टोचून अडकतात.

मग पुरुष मुंबईला गेले. मावळातल्या, घाटाखालच्या-वरच्या कितीतरी घरांतला एक तरी माणूस गिरणीत नाहीतर गोदीत असायचा. चाळीतल्या एका खोलीत दहा-पंधरा गडी राहायचे आणि पाळीप्रमाणं झोपायचे. रात्रपाळीचा उठला की दिवसपाळीचा त्याच जागी आडवा व्हायचा. ढेकणाला तिथं चोवीस तास जेवण. शिमग्याला, गणपतीला गडी वळकटी खांद्यावर टाकून गावी यायचा आणि वळकटीबरोबर ढेकूणही यायचे. परत जातानाही तसंच. म्हणजे घर स्वच्छ ठेवणारी बाई गावात होती आणि ढेकूण यायचा शहरातून. बोल मात्र तिलाच.

याच काळात डीडीटी आलं. १९३९ मध्ये स्वित्झर्लंडच्या पॉल म्युलर यांनी डीडीटीनं कीटक मरतात हे दाखवलं, आणि १९४८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. आपल्याकडं तेव्हाच्या मुंबई प्रांतात डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी कानडा आणि धारवाड जिल्ह्यांतल्या खेड्यांत १९४६ च्या सुमारास घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारून मलेरिया आटोक्यात आणून दाखवला. १९५३ मध्ये देशभर राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पंप घेतलेली माणसं गावोगाव फिरू लागली. फवारणी डासांसाठी होती, पण भिंतीतले ढेकूणही पटापट मेले. लोक खूश झाले. आमच्या भागातल्या वयस्क बाया अजून सांगतात की फवारणीवाले आले की आम्ही आपणहून भांडी बाहेर काढून घर मोकळं करून द्यायचो.

पण ही खुशी टिकली नाही. १९४७ मध्येच अमेरिकेच्या पर्ल हार्बर इथल्या नौदलाच्या बराकीत डीडीटीला दाद न देणारे ढेकूण सापडले होते. पुढं हेच जगभर झालं, भारतातही. कारण साधं आहे. फवारणीत शंभरातले पंचाण्णव मरतात. उरलेल्या पाचांच्या अंगात ते विष पचवायची ताकद असते. पुढची पिढी त्या पाचांचीच, म्हणून ती सगळी तशीच निघते. मग लोक म्हणू लागले की औषध मारूनही ढेकूण मरत नाहीत, तर फवारणी करायची कशाला? कुणी दारं लावून घेतली, कुणी फवारलेल्या भिंती लगेच लिंपून टाकल्या. डासांवरचं औषध मातीखाली गेलं. एका क्षुल्लक ढेकणानं मलेरियाच्या एवढ्या मोठ्या मोहिमेत असा खोडा घातला.

त्यानंतर आलं बाटलीतलं औषध. किराणा दुकानात टिक-२० सारखी ढेकणाची औषधं मिळू लागली. बाटली फळीवर, नाहीतर बाजेखाली. ढेकूण किती मेले ते असो, पण "ढेकणाचं औषध पिऊन" हे शब्द वर्तमानपत्रांत वरचेवर दिसू लागले. मैत्रिणींनो, हे बोलायलाच हवं. भांडणाच्या, अपमानाच्या, कर्जाच्या एका वाईट घडीला हाताशी विष असणं आणि नसणं, यात एका जिवाचा फरक पडतो. ती घडी निघून गेली की माणूस सावरतो. म्हणून विष घरात न ठेवणं हीसुद्धा आपली जबाबदारी आहे. आणि कुणी मैत्रीण अशा घडीतून जात असेल तर तिला एकटीला सोडू नका.

आता तर त्याहून भयंकर गोष्टी घरात येतात. धान्याच्या गोदामात ठेवायच्या गोळ्या, ज्यांना काही जण सल्फास म्हणतात, त्या कुणीतरी सांगितलं म्हणून गादीखाली ठेवल्या जातात. या गोळ्या असतात अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या. हवेतला ओलावा लागला की त्यांतून फॉस्फिन नावाचा विषारी वायू निघतो, आणि आपल्याकडं पावसाळ्यात ओलाव्याला तोटा नाही. या विषावर उतारा नाही. कायद्यानंसुद्धा या गोळ्या कुणालाही विकायला परवानगी नाही. भातावर, भाजीवर मारायचं औषध अंथरुणावर शिंपडणंही तितकंच घातक. २०२० मध्ये पुण्यात घरात कीटकनाशक मारून घेतल्यावर एका वयस्क जोडप्याचा जीव गेला. ढेकूण सहसा कुणाचा जीव घेत नाही. औषधानं घेतला आहे. कुणाला विषाचा वास लागून मळमळ, उलटी, धाप, चक्कर असा त्रास झाला तर आधी त्याला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. औषधाचं पाकीट दवाखान्यात बरोबर न्या.

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिका-युरोपातही ढेकूण पुन्हा वाढले. २०२३ मध्ये फ्रान्समध्ये, पॅरिससारख्या शहरात, त्यावरून मोठा गदारोळ झाला. कारणं तीच. लोकांचा प्रवास वाढला आणि औषधं लागू पडेनाशी झाली. आपल्या पानशेतला धरणाच्या काठी शनिवार-रविवार शहरातली माणसं येतात. तंबू, रिसॉर्ट, फार्महाऊस झाले. तिथल्या चादरी धुणाऱ्या, खोल्या झाडणाऱ्या आपल्याच बाया आहेत. जुन्या गाद्या स्वस्तात मिळतात म्हणून गावात येतात. ढेकूण वळकटीतून यायचा, आता बॅगेतून आणि जुन्या गादीतून येतो. त्यामुळं कामावरून आल्यावर कपडे बाहेरच बदला, ते गरम पाण्यात भिजवा. जुनी गादी, पलंग, सोफा घरात घेण्याआधी अंगणात ठेवून शिवणी आणि सांधे नीट बघा. काळे बारीक ठिपके आणि फिक्या रंगाची कात दिसली तर ती वस्तू फुकट मिळाली तरी घेऊ नका.

घरात ढेकूण झालेच असतील तर काय करायचं? इतिहासानं शिकवलेलंच करायचं, जरा हिशेबानं. ढेकूण आणि त्याची अंडी दोन्ही ५० अंशांच्या वर उष्णता मिळाली की मरतात. म्हणून चादरी, वाकळा, उशांचे अभ्रे उकळत्या पाण्यात भिजवून धुवा. पलंगाच्या सांध्यांत, खिळ्यांच्या भोकांत उकळतं पाणी ओता. पोरांना लांब ठेवा, आणि विजेचं बटण जवळ असेल तिथं पाणी वापरू नका. नुसत्या उन्हात टाकलेल्या गादीतला ढेकूण खालच्या सावलीच्या बाजूला सरकतो, म्हणून गादी दर तासाला उलटा आणि झटका. भिंतीच्या फटी माती, चुना, सिमेंट जे असेल त्यानं बुजवा. पलंग भिंतीपासून हातभर लांब ओढा, पांघरूण जमिनीला लागू देऊ नका आणि पायांखाली साबणाच्या पाण्याच्या वाट्या ठेवा. रॉकेल चोळू नका, आग लागते. पाल्याच्या धुरीनं डास पळतील, फटीतला ढेकूण मरणार नाही.

हे एकदा करून भागत नाही. अंड्यांतून पिल्लं निघतच राहतात, म्हणून दर आठवड्याला, निदान दीड महिना हे करावं लागतं. आणि एका घरानं करून तर मुळीच भागत नाही. भिंतीला भिंत लागलेल्या घरात तुमचे ढेकूण माझ्याकडं येणार आणि माझे तुमच्याकडं.

म्हणून आमच्या गटांनी ठरवलं आहे की ढेकूण हा विषय बैठकीच्या वहीत लिहायचा. कुणाकडं आहेत असं विचारायचं नाही, आळीनं दिवस ठरवायचा. मोठी पातेली एकत्र आणायची, चुली अंगणात पेटवायच्या, म्हाताऱ्या आणि एकट्या बायांचं अंथरूण आपण धुवायचं. गादीवर पाणी मारायला, पलंग उचलायला घरातल्या पुरुषांनाही बोलवायचं. तेही त्याच पलंगावर झोपतात. तुमच्याही गटात हे ठरवा. घट बसायची वाट बघू नका, चांगलं ऊन पडलेला पहिला रविवार धरा.