दत्तक नोंदणी (नांदेड व लातूर जिल्हे)

दत्तक नोंदणी म्हणजे मूल दत्तक घेतल्याची शासकीय दप्तरात केलेली नोंद होय. महाराष्ट्राच्या अन्य भागांप्रमाणेच नांदेड व लातूर जिल्ह्यांतही दत्तकविधानाचा दस्त आणि जन्माची नोंद ही दोन वेगळी दप्तरे आहेत. पहिल्यातील नोंद दुसऱ्यात आपोआप उतरत नाही. तो बदल स्वतंत्रपणे करून घ्यावा लागतो.

दत्तकपत्र

हिंदू, बौद्ध, जैन व शीख कुटुंबांना हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ लागू आहे. त्यानुसार मूल प्रत्यक्ष देण्याघेण्याने दत्तकविधान होते. दत्तहोम अनिवार्य नाही. देणारा व घेणारा यांच्या सह्यांचे दत्तकपत्र दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलेले असल्यास, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत न्यायालय दत्तकविधान कायदेशीर मानते (कलम १६). वारसाच्या वादात हे कलम निर्णायक ठरू शकते. लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यामुळे त्यापूर्वीच्या दस्तांत जुन्या जिल्ह्याचे नाव आढळते.

दत्तक आदेश

अनाथ, सोडून दिलेल्या अथवा स्वाधीन केलेल्या बालकांचे दत्तकविधान बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार होते. हा मार्ग सर्व धर्मीयांना खुला असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये, तत्पूर्वीच्या कायद्यासंदर्भात, स्पष्ट केले होते. पूर्वी न्यायालय देत असलेला दत्तक आदेश देण्याचा अधिकार सुधारित कायद्याने १ सप्टेंबर २०२२ पासून जिल्हाधिकाऱ्यांकडे आला.

जन्म नोंदवही

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार जन्म जेथे झाला तेथेच नोंदवला जातो. नांदेड शहरात जन्मलेले मूल लातूरच्या कुटुंबात दत्तक गेले, तरी त्याची जन्मनोंद नांदेडलाच राहते व दुरुस्तीचा अर्ज तेथील निबंधकाकडे करावा लागतो. कलम १५ अन्वये मूळ नोंद खोडली जात नाही. दुरुस्ती समासात लिहून निबंधक तारखेसह सही करतो.

महत्त्व

१ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मतारीख व जन्मस्थळ यांचा पुरावा म्हणून जन्म प्रमाणपत्रच ग्राह्य धरण्याची तरतूद आहे. त्यामुळे नोंदवहीतील दुरुस्ती राहून गेल्यास शाळाप्रवेशाच्या वेळी प्रमाणपत्रावर जन्मदात्यांचीच नावे दिसतात. संस्थेमार्फत झालेल्या दत्तकविधानाची कागदपत्रे गोपनीय असतात. मात्र सज्ञान झाल्यावर दत्तक व्यक्तीला आपल्या मूळ कुटुंबाच्या शोधासाठी अर्ज करता येतो.