ठोकळ्यांचा कुलवृत्तान्त

रंगीत प्लॅस्टिकचे, एकमेकांत घट्ट बसणारे ठोकळे आज चंद्रपूर-गडचिरोलीच्या घराघरांतही दिसू लागले आहेत. यंत्रयुगाचे हे अपत्य आपल्या वनप्रदेशाला परके आहे, असे अनेकांना वाटते. या खेळण्याचे मूळ कूळ मात्र जंगलातलेच आहे.

शिक्षणतज्ज्ञ फ्रेडरिक फ्रोबेल १७८२ साली जर्मनीतील थुरिंगियाच्या वनप्रदेशात जन्मले. तरुणपणी त्यांनी एका वनरक्षकाच्या हाताखाली उमेदवारी केली. १८३७ नंतर त्यांनी बालकांसाठी काही खेळसाधने तयार केली व त्यांना 'देणग्या' म्हटले. त्यांतील तिसरी देणगी म्हणजे आठ लहान घनांत विभागलेला एक लाकडी घन. मुलाने तो मोडावा, पुन्हा जुळवावा आणि भागांतून पूर्ण कसे घडते हे हातांनी जाणावे, हा त्यामागील हेतू.

पुढचा अध्याय एका सुताराचा. डेन्मार्कमधील बिलुंड गावचे ओले कर्क क्रिस्टियानसन १९३२ च्या मंदीत लाकडी खेळणी करू लागले. १९३४ साली त्यांच्या उद्योगास 'लेगो' हे नाव मिळाले. १९४९ मध्ये प्लॅस्टिकच्या विटा आल्या. आतून नळ्या असलेली, घट्ट बसणारी वीट १९५८ ची. १९६० साली लाकडी खेळण्यांचे कोठार जळाले आणि त्या कारखान्याने लाकूड कायमचे सोडले.

१९८२ साली गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, तेव्हा आमचे बालपण सरत होते. वाढयाच्या अंगणातले सागाचे तुकडे, फुटक्या कौलांच्या खापऱ्या आणि नदीची ओली वाळू हेच आमचे ठोकळे. त्यांना जोड नव्हता. तोल सांभाळावा लागे. मनोरा कोसळे, पुन्हा रचावा लागे.

नव्या विटेचे मोल आम्ही नाकारत नाही. आठ गुंड्यांच्या, एकाच रंगाच्या अवघ्या सहा विटा ९१ कोटींहून अधिक प्रकारे जुळतात! परंतु १९९९ पासून चित्रपटांवर बेतलेले संच आले. पेटीवर चित्र छापलेले, आत पायरीपायरीने सूचना. मूल सूचनेबरहुकूम एक विमान जुळवते आणि ते कपाटावर जाऊन बसते. लाकडाचे प्लॅस्टिक झाले, हा वरवरचा बदल होय. काय बांधायचे हे पूर्वी मूल ठरवी, आता पेटी ठरवते. खरा बदल तो हा.

आपल्याच महाराष्ट्रात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे, आणि पुढे कोसबाडला, महागड्या साधनांऐवजी खडे, बिया, शिंपले वापरून आदिवासी बालकांना शिकवले. ती वाट सागवान-बांबूच्या आपल्या मुलखात अधिकच सुकर आहे.

आपला प्रभू सुताराच्या घरी वाढला. ख्रिस्ती कुटुंबांनी नाताळला महाग पेटी आणण्यापूर्वी गावच्या वाढयाकडून उरलेले तुकडे घासूनपुसून घ्यावेत. आणि पेटी घरात असेलच, तर सूचनांचा कागद एक दिवस बाजूला ठेवावा. मुलाने बांधलेले वेडेवाकडे घरच आधी पाहावे.