सुरतेचा चौरस, सियामचे नाव

सुरत म्हटली की मराठी माणसाला १६६४ आणि १६७० ही दोन सालं आठवतात. शिवाजी महाराजांनी दोनदा लुटलेले हे बंदर, आणि तिथल्या सावकारांच्या पेट्या. पण सुरतेची एक चीज कुणीही न लुटता फ्रान्सला पोहोचली. वजनाला शून्य, जकात नाही. तिच्यावर नाव मात्र तिसऱ्याच देशाचे लागले.

१६८७ मध्ये चौदाव्या लुईने सीमों द ला लूबेर या मुत्सद्द्याला सियामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या दरबारी पाठवले. पुढच्याच वर्षी तो परतीच्या जहाजावर होता. प्रवास महिनोन्‌महिन्यांचा, तेव्हा वेळ घालवायला गडी जादूचे चौरस मांडत बसे: घरांत आकडे असे भरायचे की आडवी, उभी, तिरपी कोणतीही ओळ मोजा, बेरीज एकच यावी. त्यासाठी तो बाशे या फ्रेंच गणितीची रीत वापरत होता. बाशेचे कोड्यांचे पुस्तक १६१२ चे, आणि युरोपात त्याचा बराच बोलबाला होता. त्याच जहाजावर व्हिन्सेंट नावाचा एक वैद्य होता. त्याने हा खटाटोप पाहिला आणि सांगितले की सुरतेचे लोक हेच काम याहून फार सोपेपणाने करतात. मग त्याने ती युक्ती शिकवली. पण फक्त विषम घरांच्या चौरसाची. सम घरांची आपण विसरलो, असे तो म्हणाला.

ला लूबेरने १६९१ मध्ये सियामवर ग्रंथ छापला आणि त्यात ही युक्ती घातली. प्रकरणाच्या मथळ्यातच त्याने ती हिंदी लोकांची असल्याचे म्हटले आहे, सुरतेचा उल्लेखही केला आहे. लेखकाने श्रेय चोख दिले; वाचकांनी ते पुस्तकाच्या मुखपृष्ठाला दिले. आजही जगभरच्या पाठ्यपुस्तकांत ही रीत ‘सियामी पद्धत’ म्हणूनच येते.

युक्ती खरोखरच पोरखेळाइतकी सोपी आहे. पाटीवर तीन गुणिले तीन घरे आखायची. वरच्या ओळीच्या मधल्या घरात १. त्यानंतरचा प्रत्येक आकडा तिरका, उजवीकडे वर चढवायचा. चढताना चौरसाच्या डोक्यावरून बाहेर पडलो, तर त्याच उभ्या ओळीच्या तळाशी उतरायचे. उजव्या बाजूने बाहेर पडलो, तर त्याच आडव्या ओळीच्या डाव्या टोकाला यायचे. घर आधीच भरलेले निघाले किंवा थेट कोपऱ्यावरूनच बाहेर गेलो, तर आत्ता लिहिलेल्या आकड्याच्या खालचे घर घ्यायचे. बस. २ उजव्या तळाच्या कोपऱ्यात जातो, ३ मधल्या ओळीत डावीकडे. ४ ला १ आडवा येतो, म्हणून तो ३ च्या खाली बसतो. ५ आपोआप मध्यभागी येतो. शेवटी पाटीवर हे दिसते:

८ १ ६
३ ५ ७
४ ९ २

प्रत्येक ओळ पंधराची. एक ते नऊची बेरीज ४५, ओळी तीन, तेव्हा पंधराशिवाय दुसरे काही येणे शक्यच नाही. पाच गुणिले पाचला हीच चाल चालवली तर प्रत्येक ओळ ६५ ची होते, सात गुणिले सातला १७५ ची. घरे वाढतात, नियमात काडीचा फरक पडत नाही.

हे सारे सुरतेच्याच कुणा डोक्यातून निघाले, असा दावा कुणी करू नये. तीन घरांचा चौरस चीनमध्ये फार जुना. बायझँटाइन पंडित मॉस्कोपुलस याने १३०० च्या सुमारास विषम चौरसांच्या रीती लिहून ठेवल्या, आणि अरबी-फारसी ग्रंथांतही त्या होत्याच. सुरतेच्या धक्क्यावर गुजराती, अरब, इराणी, आर्मेनियन सगळेच उतरत. तिथे अशी युक्ती तोंडोतोंडी फिरत असेल तर नवल ते काय? नवल आहे ते व्हिन्सेंटच्या विसरण्याचे. कारण तो जे विसरला ते आपल्याकडे तीन शतके आधीच लिहिलेले होते.

नारायण पंडिताची ‘गणितकौमुदी’ १३५६ ची. तिचे शेवटचे प्रकरण भद्रगणिताचे, म्हणजे याच चौरसांचे. नारायणाने चौरसांच्या तीन जाती केल्या: बाजूची घरे चाराने भागली जात असतील तर समगर्भ, दोनाने भागली जाऊन चाराने भागली जात नसतील तर विषमगर्भ, आणि बाकीचे विषम. तिन्हींसाठी रीती दिल्या. चार घरांच्या चौरसासाठी तर त्याने बुद्धिबळातल्या घोड्याची चाल कामाला लावली आणि १ ते १६ आकड्यांचे, मोडक्या तिरप्या ओळींतही बेरीज जमणारे, असे ३८४ चौरस मोजले. त्याची मोजणी आजच्या गणितातही बरोबर ठरते. या विद्येने चांगल्या गणितज्ञांना आनंद व्हावा आणि वाईटांचा गर्व उतरावा, असा हेतूही त्याने सांगून टाकला. आजच्या प्रस्तावनांत इतका सडेतोडपणा क्वचितच आढळतो.

त्याच्याही आधीचा चौरस खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिराच्या दारावर कोरलेला आहे. चार गुणिले चार, बेरीज ३४, म्हणून त्याला चौतिसा यंत्र म्हणतात. आणि सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने तर चौरस अत्तराच्या कामाला जुंपला. ‘बृहत्संहिते’त त्याने सोळा सुगंधी द्रव्ये सोळा घरांत मांडली आणि प्रत्येकाचे भाग आकड्यांनी दिले: अगरूचे २, तमालपत्राचे ३, ऊदाचे ५, दगडफुलाचे ८, असे. कोणतीही ओळ उचला, चार द्रव्ये मिळून १८ भाग होतात. गंध वेगळा, मापाचे एकूण तेच.

घरात खेळायला मात्र यातले तीन घरांचे पाडसच पुरे. १ ते ९ आकड्यांच्या नऊ चिठ्ठ्या जमिनीवर उलगडून ठेवायच्या आणि दोघांनी आळीपाळीने एकेक उचलायची. ज्याच्या हातातल्या कुठल्याही तीन चिठ्ठ्यांची बेरीज पंधरा होईल, तो जिंकला. मोठी माणसे इथे भराभर बेरजा करू लागतात आणि दमतात. ज्या पोराने वरचा चौरस पाठ केला आहे ते शांत बसते. नऊ आकड्यांतून पंधरा करणारी त्रिकुटे बरोबर आठ, आणि ती आठही त्या चौरसाच्या ओळी आहेत. म्हणजे हा आपला फुली-गोळाच, फक्त चौकट लपवलेली. ५ चार त्रिकुटांत येतो, सम आकडे तीन-तीन त्रिकुटांत, उरलेले विषम दोन-दोनच. म्हणून पहिल्याने ५ उचलला की दुसऱ्याने सम आकडाच घ्यावा. चुकून १ घेतला, तर पहिला ८ घेतो आणि दुसऱ्याला नाइलाजाने २ अडवावा लागतो. मग पहिला ४ उचलतो, आणि आता ३ आला काय नि ६ आला काय, पंधरा भरतातच.