पावण्याची जमीन आणि नो पार्किंगचं चलान

मंडळी, मोबाईलवर नो पार्किंगचं चलान आलं की दोन शिव्या देऊन आपण पैसे भरून टाकतो. जरा थांबा.

१९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातली शेतं कारखान्यांकडे गेली, पावण्याचीसुद्धा. १७ मार्च १९७० ला सिडको आली. तिने सेक्टर आखले, जुनी गावठाणं तशीच मध्ये राहिली. बैलगाडीच्या मापाच्या गल्ल्यांत चारचाकी लावायची कुठे? जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात उरणकडे पाच शेतकरी गोळीबारात गेले, तेव्हा कुठे पुढे साडेबारा टक्के योजना आली. तीही भूखंडांची, वाहनतळाची नव्हे!

दंड मात्र वेळेवर वाढला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम १७७ खाली पहिल्या वेळी शंभरपर्यंत होता. २०१९ च्या दुरुस्तीने पाचशे झाला, महाराष्ट्रात लागू झाला डिसेंबर २०२१ मध्ये. पुन्हा सापडलात तर दीड हजार.

पण चलान ही शिक्षा नाही, आरोप आहे. कलम २०० खाली पैसे भरले की तडजोड झाली, विषय संपला. न भरता कोर्टात विचारता येतं: मनाईची अधिसूचना कधीची? कलम ११६ प्रमाणे फलक कुठाय? रहिवासी पास रद्द केला असेल तर ते कळवलं कधी, आणि गाडीचा फोटो त्याआधीचा की नंतरचा? जागेचे फोटो तारखेसकट आजच काढून ठेवा. लोकअदालतीत रक्कम कमी होते, पण तीही तडजोडच. निकाल हवा असेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं राहावं लागतं.