मोटार, एसटी की सायकल? प्रवासखर्चाचा खरा ताळेबंद

धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्ग जेथे गोदावरी ओलांडतो, तेथे नदीच्या उत्तर तीरावर जालना जिल्ह्यातील शहागड वसले आहे. पूल ओलांडला की बीड जिल्हा सुरू होतो. महामार्गाने एका दिशेला छत्रपती संभाजीनगर, दुसऱ्या दिशेला गेवराई आणि बीड. तालुक्याची कचेरी मात्र अंबडला आणि जिल्ह्याची जालन्याला. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून शहागडकरांची सरकारी कामे एका वाटेने आणि बाजारहाट दुसऱ्या वाटेने, असे चालत आले आहे. साहजिकच या गावाला प्रवास चुकत नाही. प्रश्न एवढाच, की तो कशाने करावा?

या प्रश्नाचे सर्वसामान्य उत्तर फार सरळ असते. शहागडहून अंबड सुमारे पस्तीस किलोमीटर. हिशेबाच्या सोयीसाठी आपण ते ३६ किलोमीटर, म्हणजे एसटीचे सहा टप्पे धरू. साठ किलोमीटरची सरासरी देणाऱ्या मोटारसायकलला जाऊन-येऊन ७२ किलोमीटरसाठी सव्वा लिटरच्या आत पेट्रोल लागते. लिटरला १०५ रुपये धरले तर खर्च १२६ रुपये. जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या एसटीचे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्याला सुमारे १० रुपये झाले. एका फेरीचे ६१ रुपये धरले तर जाण्यायेण्याचे १२२ रुपये होतात. दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच. मग थांब्यावर ताटकळायचे कशाला, असे म्हणून माणूस गाडीला किक मारतो.

या हिशेबात बेरजेची चूक नाही, पण तो अपुरा आहे. एसटीच्या तिकिटात बसची किंमत, टायर, चालक-वाहकाचा पगार, दुरुस्ती आणि १७.५ टक्के दराने आकारला जाणारा प्रवासी कर, असे सारे आलेले असते. त्याच्याशी आपण तुलना करतो ती फक्त पेट्रोलची. खानावळीतल्या थाळीची किंमत घरच्या गॅसच्या खर्चाशी ताडून पाहण्यासारखेच हे झाले.

दुचाकी : पेट्रोलच्या पलीकडे

नव्वद हजारांची मोटारसायकल महिन्याला २५ दिवस याच मार्गावर चालली, तर वर्षाला २१,६०० किलोमीटर होतात. पाच वर्षांत तिचे एक लाख आठ हजार किलोमीटर होतील आणि ती तीस हजारांना विकली जाईल, असे समजू. म्हणजे साठ हजार रुपयांची घट. किलोमीटरला ५६ पैसे. टायर, चेन, ऑइल, सर्व्हिसिंग यांचे चाळीस पैसे. विम्याचे सात पैसे. गुंतलेल्या रकमेवरील किंवा कर्जावरील व्याज २८ पैसे. पेट्रोलचे १ रुपया ७५ पैसे. एकूण ३ रुपये ६ पैसे.

महिन्याचे १,८०० किलोमीटर धरले तर ही रक्कम साडेपाच हजारांवर जाते. एसटीच्या मासिक पासात वीस दिवसांचे भाडे भरून तीस दिवस प्रवास करता येतो. म्हणजे २,४४० रुपये, किलोमीटरला १ रुपया ३६ पैसे. महिलांना १७ मार्च २०२३ पासून तिकिटात निम्मी सवलत आहे. त्यांचा २५ दिवसांचा खर्च १,५२५ रुपये होतो. विद्यार्थ्यांना पासात दोन तृतीयांश सवलत मिळते. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना प्रवास विनामूल्य आहे.

दुचाकीवर दोघे बसले तर माणशी खर्च दीड रुपयावर येतो आणि एसटीशी बरोबरी होऊ लागते, हे मान्य केले पाहिजे. मात्र ते दोघे पती-पत्नी असतील, तर त्याचा पास आणि तिचे अर्धे तिकीट मिळून किलोमीटरला सव्वादोन रुपयांच्या आत भागते. येथेही एसटीच स्वस्त ठरते.

या ताळेबंदात एक रकाना कोणी भरत नाही. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील ४४.५ टक्के दुचाकीवरील होती. शहागडचा परिसर उसाचा आहे. जवळच अंकुशनगरचा समर्थ सहकारी साखर कारखाना आहे. गळीत हंगामात मागचे दिवे नसलेल्या ट्रॉल्या रात्रीच्या रस्त्यावर असणे म्हणजे काय, हे दुचाकीस्वाराला सांगावे लागत नाही. हा खर्च किलोमीटरमागे पैशांत मांडणे अवघड आहे. तो सर्वांच्या वाट्याला येत नाही आणि ज्याच्या वाट्याला येतो त्याचे सारे घर फेडत बसते.

मोटार : उभी असली तरी खर्चात

आता चारचाकी. आठ लाखांची पेट्रोल मोटार, लिटरला अठरा किलोमीटर, तोच मार्ग, तेवढेच दिवस. इंधन ५ रुपये ८३ पैसे. पाच वर्षांनी साडेतीन लाख हाती आले तर घट ४ रुपये १७ पैसे. सरासरी गुंतवणुकीवर नऊ टक्के व्याज २ रुपये ४० पैसे. देखभाल एक रुपया, विमा सुमारे ७० पैसे. एकूण किलोमीटरला चौदा रुपये. महिन्याला पंचवीस हजारांहून अधिक, आणि त्यातील पेट्रोल फक्त साडेदहा हजारांचे. निम्म्याहून अधिक खर्च पंपावर दिसतच नाही. गाडीत चौघे बसले तरी माणशी साडेतीन रुपये पडतात.

शहरातील वाचकांसाठी याच गणिताची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. शहरी कुटुंबाची मोटार वर्षाला फार तर सात-आठ हजार किलोमीटर चालते. बाकी वेळ ती सोसायटीच्या आवारात उभी असते. ती आठ हजार किलोमीटर चालली आणि पाच वर्षांनी चार लाखांना विकली गेली, तर घट किलोमीटरला दहा रुपये, व्याज पावणेसात, विमा जवळपास दोन. इंधन आणि देखभाल मिळवून आकडा पंचवीस रुपयांच्या वर जातो. गाडी कमी वापरली म्हणजे पैसे वाचले, हे एकूण खर्चाबाबत खरे आहे. परंतु प्रत्येक किलोमीटर तेवढाच महाग होतो. टोल यात धरलेला नाही. बीडकडे जाताना पाडळसिंगीच्या नाक्यावर मोटारीला तो भरावा लागतो, दुचाकीला नाही. १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी मोटारींसाठी तीन हजार रुपयांत दोनशे फेऱ्यांचा वार्षिक पास आला आहे. नित्य जाणाऱ्याला तो परवडतो.

सायकल : भाकरीवर चालणारे वाहन

सात हजारांची सायकल सात वर्षे टिकली आणि वर्षाला पंक्चर, ब्रेक, टायर-ट्यूब यांवर बाराशे रुपये गेले, तर रोज दहा किलोमीटरच्या हिशेबाने किलोमीटरला ७३ पैसे पडतात. ‘सायकलला इंधन लागत नाही’ हे वाक्यही तपासून घेतले पाहिजे. दहा किलोमीटर सायकल मारण्यास अंदाजे अडीचशे ते तीनशे कॅलरी लागतात. म्हणजे ऐंशी ग्रॅम ज्वारीचे पीठ, चारेक रुपयांचे. ते धरून किलोमीटरला १ रुपया १३ पैसे. एसटीच्या पासापेक्षा थोडे कमी. या खर्चातून आरोग्याचा जो लाभ होतो तो वेगळाच.

परंतु छत्तीस किलोमीटर सायकलने रोज जावे, असे कोणी सुचवणार नाही. चौपदरी महामार्गाच्या कडेने तर मुळीच नाही. सायकलचे खरे क्षेत्र पाच-सहा किलोमीटरचे, वस्तीपासून शाळेपर्यंतचे किंवा गावापासून फाट्यापर्यंतचे. मानव विकास कार्यक्रमात जालना जिल्ह्यासह राज्यातील मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली दिल्या गेल्या, त्या शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना. त्याच कार्यक्रमातून दूरच्या मुलींसाठी एसटीच्या निळ्या बसगाड्या सुरू झाल्या. जवळ सायकल आणि लांब बस, ही विभागणी अर्थशास्त्राच्याही कसोटीला उतरते. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरील वस्तू व सेवा कर बारावरून पाच टक्क्यांवर आला, तर ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकी आणि छोट्या मोटारी अठरा टक्क्यांत आल्या.

वेळेची किंमत

‘पैसे वाचतील, पण वेळेचे काय?’ हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर देण्याची एक जुनी रीत आहे. हेन्री डेव्हिड थोरो यांनी एकोणिसाव्या शतकात तीस मैलांच्या रेल्वे प्रवासाबद्दल विचारले होते, की तिकिटाचे नव्वद सेंट कमावण्यात दिवस गेला, तर चालत निघालेला माणूस आधी पोहोचणार नाही काय? १९७० च्या दशकात इव्हान इलिच यांनी हाच हिशेब अमेरिकी मोटारीला लावला. गाडीत बसण्याचा आणि गाडीसाठी कमावण्याचा वेळ एकत्र केला तर तिचा वेग ताशी पाच मैलांहूनही कमी भरतो, असे त्यांनी दाखवले.

तासाला शंभर रुपये कमावणाऱ्या शहागडच्या नोकरदाराला हे माप लावून पाहू. महिन्याचे १,८०० किलोमीटर तो दुचाकीने ताशी चाळीसच्या वेगाने ४५ तासांत कापतो. दुचाकीच्या खर्चासाठी त्याला ५५ तास काम करावे लागते. एकूण शंभर तास, म्हणजे खरा वेग ताशी १८ किलोमीटर. एसटीत ताशी तीसच्या वेगाने साठ तास, रोज चाळीस मिनिटे थांब्यावर म्हणजे सुमारे सतरा तास, आणि पासासाठी साडेचोवीस तास काम. एकूण १०१ तास. वेग जवळजवळ तोच. मोटारीने रस्त्यावर ३६ तास आणि तिच्या खर्चासाठी अडीचशेहून अधिक तास, म्हणजे वेग ताशी सहा किलोमीटर. तिच्यापेक्षा ताशी बारा किलोमीटरने जाणारी सायकल, तिचा खर्च धरूनही, पुढे निघून जाते. कमाई जास्त असेल तर मोटारीचा वेग वाढेल, हे उघड आहे. वाचकांनी आपापल्या उत्पन्नाने ताळा करून पाहावा.

या गणितात एसटीचे भवितव्य ठरवणारा आकडा भाड्याचा नसून थांब्यावरील मिनिटांचा आहे. रोजची वाट पाहणे चाळीसऐवजी ऐंशी मिनिटे झाले, की एसटीचा वेग अठरावरून पंधरावर येतो आणि दुचाकी जिंकते.

गाडी सुटली की कोण मागे राहतो?

नेमके येथेच हे चक्र सुरू होते. वाट पाहून कंटाळलेला प्रवासी दुचाकी घेतो. एकदा ती दारात उभी राहिली की तिची घट, व्याज आणि विमा हे खर्च होतच राहतात. त्यामुळे प्रत्येक फेरीला त्याच्यापुढे पेट्रोल विरुद्ध तिकीट एवढाच प्रश्न उरतो आणि तिकीट महाग वाटू लागते. बसमधील आसने रिकामी राहतात, उत्पन्न घटते, फेरी बंद होते. मग उरलेल्यांचे थांबणे आणखी वाढते. जून २०२५ च्या श्वेतपत्रिकेनुसार एसटीचा संचित तोटा दहा हजार कोटींच्या पुढे गेला आहे. बंद फेरीची जागा काळी-पिवळी आणि ॲपे रिक्षा घेतात. त्या तत्पर असतात, हे नाकारता येत नाही. परंतु परवान्याहून अधिक माणसे कोंबलेल्या वाहनाला अपघात झाला, तर नुकसानभरपाईचा वाद प्रवाशाच्याच गळ्यात पडतो.

बस मुळीच नसली तर काय होते, हे महाराष्ट्राने एकदा पाहिले आहे. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एसटी कर्मचाऱ्यांचा संप चालला. ज्यांच्या दारात गाडी होती त्यांना गैरसोय झाली. ज्यांच्या दारात नव्हती त्यांचे कॉलेज, दवाखाना आणि बाजार अडले. मराठवाडा ज्या निजामाच्या राजवटीत होता, तेथे सार्वजनिक बससेवा १९३२ साली २७ गाड्यांनिशी सुरू झाली. पुणे-अहमदनगर मार्गावर १ जून १९४८ रोजी धावलेल्या पहिल्या एसटीपेक्षाही ती जुनी. इतक्या पिढ्यांची सवय एका हंगामात तुटली आणि अनेकांनी त्या काळात घेतलेली दुचाकी नंतर विकली नाही.

यावरचा उपाय खर्चिक असलाच पाहिजे असे नाही. भाडे आणखी कमी करण्यापेक्षा ठरल्या वेळी येणारी बस आणि फाट्यावर सायकल कुलपात ठेवण्याची छपरी जागा, या दोन गोष्टींनी वरील गणित पालटते. खेड्यातून पाच किलोमीटर सायकल आणि पुढे एसटी, हा सर्वांत स्वस्त मार्ग आज वापरता येत नाही, कारण दिवसभर सायकल ठेवायची कोठे, हा प्रश्न सुटलेला नाही.

स्वतःचे वाहन कोणी घेऊ नये, असा याचा अर्थ नव्हे. रात्री-अपरात्रीचे आजारपण, शेतातला माल, बस न पोहोचणारी वस्ती, या ठिकाणी त्याला पर्याय नाही. परंतु वर्षअखेरीस मीटरवरील किलोमीटर आणि गाडीवर गेलेली सारी रक्कम मांडून एक भागाकार प्रत्येकाने करून पाहावा. जो आकडा येईल तो बहुतेकांना अनपेक्षित वाटेल. संध्याकाळी अंबडच्या स्थानकावर शहागडच्या गाडीची वाट पाहणाऱ्या विद्यार्थिनीला मात्र हा भागाकार करण्याची गरज नाही. तिच्यापुढे एकच वाहन आहे, आणि त्याची पुढची फेरी राहणार की जाणार, हे गाडी असलेले किती जण त्यात बसतात यावर अवलंबून आहे.