जीभ कापण्याचं वर्ष

स्पीच थेरपीच्या पदवी वर्गात 'पुराव्यावर आधारित उपचार' हा विषय मी सुरू करते तो 1841 सालच्या बर्लिनपासून. योहान फ्रीडरिश डिफेनबाख हा त्या काळातला युरोपभर नावाजलेला शल्यविशारद. अडखळत बोलणं म्हणजे स्नायूंना येणारा पेटका, अशी त्याची पक्की समजूत. म्हणून त्यानं एका 13 वर्षांच्या मुलाच्या जिभेच्या मुळाशी छेद घेतला. ईथरची भूल जगासमोर आली 1846 मध्ये. म्हणजे मूल पूर्ण जागं होतं. तरी ही शस्त्रक्रिया 1841 मध्येच फ्रान्स-इंग्लंडपर्यंत पोचली.

"भोंदूच असणार," असं कुणीतरी म्हणतंच. तिथेच मी थांबवते. डिफेनबाख भोंदू नव्हता, आणि त्याचे रुग्ण सुरुवातीला खरंच बरं बोलत. सुजलेल्या, दुखऱ्या जिभेनं माणूस सावकाश, जपून, वेगळ्याच ढंगानं बोलतो, आणि बोलण्याचा ढंग बदलला की अडखळणं काही काळ कमी होतं. जखम भरली, जुनी सवय परतली, की अडखळणंही परतायचं. त्याआधी 1817 मध्ये पॅरिसच्या इतार या डॉक्टरनं जिभेखाली ठेवायला सोन्याचा किंवा हस्तिदंताचा काटा सुचवला होता. दोघांनीही जे डोळ्यांना दिसलं त्यावर विश्वास ठेवला.

माझ्या आजीनंही तेच केलं. धाकटा भाऊ चौथ्या वर्षी अडखळू लागला, तेव्हा ती रोज सकाळी वेखंड उगाळून मधातून त्याच्या जिभेला लावायची. वेखंडाचं संस्कृत नावच 'वचा', त्यामुळे घरात शंका घ्यायचं कुणाला कारण नव्हतं. वर्षभरात भाऊ सुरळीत बोलायला लागला. श्रेय वेखंडाला गेलं.

भाऊ खरंच वेखंडानं बरा झाला का, याचं उत्तर मला फार उशिरा, 2005 सालच्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधल्या एका लेखात मिळालं. सिडनीच्या लिडकम उपनगराचं नाव लागलेला एक उपचार आहे. मूल न अडखळता बोललं की आईवडिलांनी घरच्या घरी त्याचं कौतुक करायचं, हा त्याचा गाभा. न्यूझीलंडमध्ये अडखळणाऱ्या 54 लहान मुलांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले: 29 मुलांना हा उपचार, 25 जणांना नाही. नऊ महिन्यांनी पहिल्या गटाचं अडखळणं 77 टक्क्यांनी कमी झालं होतं. मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिते तो आकडा मात्र दुसऱ्या गटाचा: 43 टक्के. हा उपचार न मिळताही! माझ्या भावाचं अडखळणंही कदाचित असंच आपसूक कमी झालं असावं. आणि 77 व 43 यांतलं अंतर, ते उपचाराचं.

आपल्याकडे स्पीच थेरपीचं रीतसर शिक्षण मुंबईच्या नायर रुग्णालयात 1962 मध्ये सुरू झालं, 1965 मध्ये म्हैसूरची राष्ट्रीय संस्था उभी राहिली, 1983 मध्ये वांद्र्याची. मी शिकले तेव्हा गुरूंनी सांगितलं ते आम्ही केलं. उच्चार सुधारावेत म्हणून मी मुलांना मेणबत्त्या फुंकायला लावल्या, शिट्ट्या वाजवायला लावल्या, जीभ नाकाला टेकवायला लावली. एका मुलाची दोन वर्षं त्यात गेली. 'क' च्या जागी 'त' तसाच राहिला. 2008 मध्ये लॉफ आणि वॉटसन या संशोधकांनी अमेरिकेतल्या 537 थेरपिस्टना विचारलं, तेव्हा 85 टक्के जण असेच व्यायाम करून घेत होते. या व्यायामांनी उच्चार सुधारतात याचा भक्कम पुरावा मात्र नव्हता. 'क' म्हणायला शिकायचं तर 'क'चाच सराव हवा. हे त्या मुलाच्या वेळी मला ठाऊक असायला हवं होतं.

डॉ. सॅकेट यांनी 1996 मध्ये मांडलेली पुराव्यावर आधारित उपचारांची व्याख्या विद्यार्थी घडाघडा म्हणतात: उत्तम संशोधन, थेरपिस्टचा अनुभव, रुग्णाची इच्छा. पाठांतराला गुण मिळतात. मी मात्र तोंडी परीक्षेत डिफेनबाखचाच रुग्ण समोर ठेवते आणि विचारते, सुरी चालवली नसती तर हा मुलगा वर्षभरानं कसा बोलला असता, हे तुम्ही कसं शोधाल?

पालकांनो, तुम्ही मुलाला घेऊन आमच्याकडे आलात, तर हाच प्रश्न आम्हालाही विचारा. संकोच करू नका.