सेगा ‘थर्टी-टू एक्स’ : एका जोडयंत्राच्या अपयशाची मीमांसा

व्हिडिओ गेमचा कन्सोल बाजारात आल्यावर काही वर्षांतच त्याची शक्ती अपुरी पडू लागते. नवा कन्सोल काढावा, तर जुना ग्राहकवर्ग दुरावण्याचे भय असते. या पेचातून वाट काढण्यासाठी उत्पादकांनी पिढीच्या मध्यावर जोडयंत्रे विकण्याचा उपाय योजला. सेगा या जपानी कंपनीचे उदाहरण या संदर्भात विशेष उद्बोधक आहे.

सेगाचा ‘मेगा ड्राइव्ह’ १९८८ साली जपानात आणि पुढील वर्षी ‘जेनेसिस’ या नावाने उत्तर अमेरिकेत विक्रीस आला. १९९१ साली त्यास ‘मेगा-सीडी’ची जोड मिळाली. नोव्हेंबर १९९४ मध्ये अमेरिकेत ‘थर्टी-टू एक्स’ अवतरले. कार्ट्रिजच्या खाचेत बसणाऱ्या या जोडयंत्रात हिताची कंपनीचे ३२ बिटांचे दोन प्रोसेसर होते. मूळ कन्सोल व दोन्ही जोडयंत्रे एकत्र वापरणाऱ्यास विजेचे तीन स्वतंत्र अ‍ॅडॅप्टर लावावे लागत.

तथापि खरी अडचण निराळीच होती. त्याच महिन्यात सेगाने जपानात ‘सॅटर्न’ हा नवा कन्सोल आणला. त्यातही हिताचीचे त्याच जातीचे दोन प्रोसेसर होते. परंतु एकाचे खेळ दुसऱ्यावर चालत नसत. साहजिकच खेळ रचणाऱ्या संस्था सॅटर्नकडे वळल्या. सुमारे ४० खेळ निघून १९९६ पर्यंत ‘थर्टी-टू एक्स’ संपुष्टात आले.

मूळ ग्राहकवर्गाचे विभाजन हेच या अपयशाचे कारण मानावे काय? निन्टेंडो ६४ च्या १९९८ मधील ‘एक्स्पान्शन पॅक’ने ४ मेगाबाइट स्मृती दुप्पट केली, बहुतेक खेळ त्यावाचूनही चालत. २०१६ च्या ‘प्लेस्टेशन ४ प्रो’चे खेळही मूळ कन्सोलवर चालत. ही उदाहरणे त्या मतास पुष्टी देतात. परंतु १९८८ साली जपानात निघालेल्या ‘पीसी इंजिन’च्या सीडी-जोडयंत्राचे खेळ त्यावाचून चालत नसत, तरीही ते लोकप्रिय ठरले. कारण त्यासाठी अनेक वर्षे नवे खेळ निघत राहिले आणि १९९१ मध्ये कन्सोल व सीडी-यंत्र यांचा एकत्रित ‘ड्युओ’ही आला.

यावरून असे दिसते की, विभाजन घातक ठरते ते उत्पादकाने पाठ फिरविल्यावर. जोडयंत्र घेणारा ग्राहक भावी खेळांच्या भरवशावरच पैसे मोजतो. सॅटर्नच्या आगमनाने तो भरवसा पहिल्याच महिन्यात डळमळीत झाला.